सायकल चालती राहिली पाहिजे

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सायकलीविषयी चार शब्द बोलावेत असे मला सुचविण्यात आले, तेव्हा या विषयावर भाषण करण्यासारखे काय आहे, असा प्रश्न प्रथम मनात आला. सायकल कोणास ठाऊक नाही? २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. परंतु एक अनुभव आठवला आणि विषय वाटतो तितका हलका नाही, हे ध्यानात आले.

काही वर्षांपूर्वी एका माध्यमिक शाळेत विद्यार्थिनींना सायकली वाटण्याचा समारंभ होता. माहिती अधिकारी या नात्याने वृत्त व छायाचित्रे घेण्यासाठी मी उपस्थित होतो. मैदानात नव्या सायकली ओळीने उभ्या होत्या आणि मुलींचा आनंद शब्दांत सांगता येण्याजोगा नव्हता. वृत्त यथावकाश प्रसिद्ध झाले. पुढील वर्षी दिवाळीनंतर दुसऱ्या कामानिमित्त त्याच गावी जाणे झाले. एका घराच्या पडवीत त्यांपैकीच एक सायकल भिंतीला टेकून उभी दिसली. दोन्ही चाकांत हवा नव्हती, चेन गंजली होती आणि कॅरियरवर कांद्याचे पोते ठेवलेले होते. घरातील मुलगी नववीत शिकत होती. मी चौकशी केली तेव्हा ती म्हणाली, "पंक्चर झालीय साहेब. दुकान तालुक्याला आहे. बाबांना सवड झाली की नेतील." केव्हापासून, असे विचारताच ती म्हणाली, "गणपतीपासून."

शाळा तेथून साडेतीन किलोमीटरवर होती. सोबतीण असली म्हणजे ती चालत जाई. नसली म्हणजे घरी राही. सायकलवाटपाचे वृत्त मी दिले होते. सायकल थांबल्याचे वृत्त मात्र कोणीच दिले नव्हते. ते फक्त हजेरीपटावर उमटले होते.

मित्रहो, आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच. सायकल देणे हे कामाचे पहिले पाऊल आहे. ती चालती ठेवणे आणि ती चालविणारी व्यक्ती रस्त्यावरून सुखरूप घरी येईल अशी व्यवस्था करणे, हे उर्वरित काम आहे. आणि ते पार पाडण्याचे सामर्थ्य या सभागृहात बसलेल्या मंडळींच्याच हाती आहे.

सायकलीमुळे शिक्षणात खरोखरच फरक पडतो काय, अशी शंका कोणास येईल. बिहार राज्याने २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. माध्यमिक शाळेतील मुलींच्या पटनोंदणीत सुमारे ३२ टक्के वाढ झाल्याचे त्यांना आढळले, आणि शाळा ३ किलोमीटर वा त्याहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम प्रामुख्याने दिसला. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल चालविण्यास शिकल्या. तेथे सायकल हा साक्षरतेचाच एक भाग मानला गेला. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्यात आल्या आहेत. साधन गावात पोहोचले आहे. आता प्रश्न देखभालीचा आहे.

प्रथम हवेचा विचार करू. बहुसंख्य सायकली बिघडतात त्या कमी हवेमुळे. टायर सैल असला की खड्ड्यातील दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटते व फाटते. आठवड्यातून एकदा अंगठ्याने टायर दाबून पाहावा. तो जेमतेम दबला पाहिजे. हवा वारंवार जात असेल तर लगेच पंक्चर समजू नये. बोट ओले करून वाल्व्हच्या तोंडावर धरावे. बुडबुडा आला तर दोष वालट्यूबचा होय. रबराचा हा लहानसा तुकडा नाममात्र किमतीत मिळतो आणि एका मिनिटात बदलता येतो. कित्येक सायकली एवढ्याच कारणासाठी महिनोन्‌महिने पडून असतात!

पंक्चर असलेच, तर ते काढण्यासाठी चाक खोलण्याची आवश्यकता नसते. टायरची एक कड रिमबाहेर काढून ट्यूब ओढून घ्यावी. कड काढताना स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये, त्याने ट्यूबला नवे भोक पडते. चमच्याचा गुळगुळीत दांडा चालतो. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यातून फिरवावी. बुडबुडे येतील तेथे खूण करावी, जागा कोरडी करून कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासावी आणि सोल्युशनचा पातळ थर द्यावा. येथेच घाई होते. सोल्युशन ओले असताना पॅच लावला तर तो सुटतो. चार-पाच मिनिटे थांबून, ते सुकत आल्यावरच पॅच दाबून बसवावा. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतील बाजूने फडके फिरवून पाहावे. बाभळीचा काटा टायरमध्ये तसाच राहिला, तर दहा पावलांवर पुन्हा पंक्चर ठरलेले!

दुसरी गोष्ट ब्रेकची. ब्रेक दाबला असता त्याची दांडी हँडलच्या मुठीला टेकता कामा नये. ब्रेकची रबरे झिजून धातू रिमला लागण्यापूर्वीच ती बदलावीत. पावसात स्टीलच्या रिमवर ब्रेक फार उशिरा धरतो. यास्तव उतार किंवा चौक येण्याच्या बराच आधी ब्रेक हलकेच दाबून रिमवरील पाणी पुसून काढावे. केवळ पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. दोन्ही ब्रेक एकत्र वापरावेत. चाक आऊट झाले असेल तर ते रबराला घासते. आऊट काढण्याचे काम मात्र जाणत्या कारागिराकडेच द्यावे. कॉटर पिन ढिली झाल्यास पायडल मारताना टकटक आवाज येतो. त्याकडे दुर्लक्ष केल्यास क्रँकही निकामी होतो.

तिसरी गोष्ट चेन. ती मध्यभागी बोटाने दाबली असता एक-दोन सेंटिमीटर हलली पाहिजे. अधिक ढिली असेल तर उतरते, फार ताणलेली असेल तर झिजते. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा मशीनचे तेल थेंबथेंब सोडून जादा तेल पुसून घ्यावे. खाण्याचे तेल घालू नये. ते चिकट होऊन धूळ धरते. मुलींच्या ओढणीचे टोक चेनमध्ये वा मागच्या चाकात अडकून अपघात घडतात, म्हणून चेनकव्हर जाग्यावर असणे अगत्याचे आहे. सीटची उंचीही पाहावी. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. वाटपाच्या दिवशी बसविलेली सीट दोन वर्षांनी, मुलगी वाढल्यावरही तेथेच असते आणि गुडघे दुखतात म्हणून सायकल नकोशी होते.

ही झाली यंत्राची बाजू. आता रस्त्याकडे वळू.

केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. सायकलस्वाराला ना पत्र्याचे कवच, ना पट्टा. म्हणून त्याने सावध राहिले पाहिजे, आणि मोटार चालविणाऱ्याने त्याहून अधिक सावध राहिले पाहिजे.

विद्यार्थ्यांना शिकवावयाचे नियम मोजकेच आहेत. डाव्या बाजूनेच जावे. परंतु डांबराच्या अगदी कडेवरून जाऊ नये. कडेपासून सुमारे हातभर आत, सरळ रेषेत चालावे, म्हणजे खड्डा चुकविण्यास जागा राहते व मागून येणाऱ्याला आपली वाट कळते. खड्डा चुकविण्यापूर्वी किंवा वळण्यापूर्वी मागे पाहावे आणि हात दाखवावा. जोडीजोडीने गप्पा मारीत जाऊ नये. डावीकडे वळू पाहणारा ट्रक किंवा एस.टी. यांच्या डाव्या अंगाने कधीही पुढे घुसू नये. चालकाला त्या कोपऱ्यातील सायकल दिसत नाही. कानात इअरफोन घालू नयेत. दप्तर हँडलला लटकवू नये, कॅरियरला बांधावे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला धरून जाण्याचा मोह तर प्राणघातक आहे. गाळपाच्या हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर जातात. मागील ट्रॉली वळणावर आतल्या बाजूस ओढली जाते आणि तिच्याजवळ असलेला सायकलस्वार सापडतो.

संध्याकाळी दिसणे महत्त्वाचे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर अंतर तोडते. चालकाला सायकल दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सुमारे एक सेकंद जातो. गडद कपड्यांतील सायकलस्वार त्याला फार उशिरा दिसतो. मागच्या मडगार्डवरील लाल परावर्तक बराच आधी चमकतो. तो चिखलाने माखला असेल तर असून नसल्यासारखा. ओल्या फडक्याने तो पुसणे हा सर्वांत स्वस्त सुरक्षा उपाय होय.

आता एक विनंती आपणा सर्वांना, कारण आपल्यापैकी बहुतेकजण येथे मोटारसायकलने किंवा जीपने आलेले आहेत. सायकलला मागे टाकताना निदान दीड मीटर अंतर सोडावे. जर्मनीत २०२० पासून गावात दीड मीटर व गावाबाहेर दोन मीटर अंतर राखण्याचे नियमातच नमूद आहे. आपण ते सौजन्य म्हणून पाळण्यास हरकत नाही. समोरून वाहन येत असेल तर क्षणभर मागे थांबावे. हॉर्न दुरून वाजवावा. कानाशी वाजविल्यास मूल दचकून रस्त्यातच वळते. रात्री समोर सायकल दिसताच डिपर द्यावा. थांबलेल्या मोटारीचे दार उघडताना उजव्या बाजूस बसलेल्याने डाव्या हाताने उघडावे, म्हणजे मान आपोआप मागे वळते व येणारी सायकल दिसते. आणि अपघात घडलाच, तर जखमीला मदत करण्यास कचरू नये. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

ग्रामपंचायत सदस्यांना तीन गोष्टी सुचवितो. रस्त्याचे डांबरीकरण झाले की डांबर उंच आणि साइडपट्टी खोल राहते. वाहनाला वाट देण्यासाठी कडेला उतरलेली सायकल तेथेच कोसळते. साइडपट्टी मुरूम टाकून समपातळीत आणण्याचा आग्रह संबंधित यंत्रणेकडे धरावा. शाळेच्या वाटेवरील वेडी बाभूळ पावसाळ्यानंतर छाटून घ्यावी आणि छाटलेल्या काटेरी फांद्या रस्त्यावर पडू देऊ नयेत. वळणावर वाढलेली झुडपे काढावीत, म्हणजे वाहनचालक व सायकलस्वार यांना एकमेकांचे दर्शन वेळीच होईल.

शिक्षकांसाठी सूचना त्याहून सोपी आहे. ज्या शाळेची हकीकत मी सांगितली, तेथील एका गुरुजींना मी त्या मुलीची सायकल पडून असल्याचे कळविले. त्यांनी शाळेत एक पंप, दोन पाने, कानस, सोल्युशन, पॅच आणि वालट्यूब एवढे साहित्य एका पत्र्याच्या पेटीत ठेवले. बाजारच्या दिवशी तालुक्यातील एका सायकल कारागिराला बोलावून नववीच्या मुलामुलींना पंक्चर काढण्यास शिकविले. महिन्यातील एक शनिवार हवा, ब्रेक आणि चेन तपासण्यासाठी राखून ठेवला. पहिल्याच शनिवारी ती सायकल गुरुजींनी घरून मागवून घेतली. पंक्चर त्या मुलीनेच काढले. मागचा टायर कुजला होता, तो तेवढा नवा घालावा लागला.

यासाठी स्वतंत्र योजना, निधी वा शासननिर्णय यांची वाट पाहावी लागली नाही. आपल्या प्रत्येक शाळेत अशी एक पेटी असावी आणि हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करताना "सायकल चालू आहे ना?" एवढा एक प्रश्न विचारला जावा, ही माझी विनंती आहे. माहिती खात्यातील आम्हा मंडळींनीही यापुढे किती सायकली वाटल्या याबरोबरच वर्षअखेरीस किती चालू आहेत, हेही विचारीत गेले पाहिजे. ती जबाबदारी मी स्वतःवर घेतो.