समुद्र नसलेल्या गावातली जहाजं

आज जहाजांविषयी बोलायचं आहे. आपल्या माळावर कुठली आली जहाजं, असं म्हणून रेडिओ बंद करू नका बरं. ही जहाजं टेबलावर मावतात. लाकूड, दोरा आणि कापड यांची असतात. खऱ्या जहाजाची मोजमाप धरून लहान प्रतिकृती करायची, हा जगभरातल्या अनेकांचा हौसेचा उद्योग आहे. आणि त्यातलं निम्मं काम तुम्हाला आत्ताच येतं, हे मला सांगायचं आहे.

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचं बेट आहे. १८३४ पासून आपल्या देशातून तिथे उसाच्या मळ्यांवर कंत्राटी मजूर नेले जात. त्यात कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही तिथे गणपती बसवतात. या बेटाच्या मधोमध उंच पठारावर क्यूरपिप हे गाव आहे. थंड, पावसाळी. किनारा तिथून लांब. पण लाकडी जहाजांच्या प्रतिकृतींसाठी हेच गाव नावाजलेलं आहे. १९६० नंतरच्या दशकात सुरू झालेलं हे काम वाढत गेलं, कारखाने उभे राहिले, आणि परदेशी पाहुणे ही जहाजं विकत घेऊन जाऊ लागले.

तिथली कामाची वाटणी ऐका. लाकडाचा सांगाडा बहुतेक पुरुष करतात. शिडं शिवायची आणि दोर बांधायचे ते बायकांनी. शिडाचं कापड नवंकोरं पांढरं दिसू नये, वारा-पाऊस खाल्लेलं दिसावं, म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवतात. कोरा चहा, दूध-साखर नाही! मोठ्या जहाजाला सगळे मिळून ४०० तासांपर्यंत वेळ लागतो.

आता हे दोर बांधणं किती, त्याचा अंदाज यावा म्हणून एक खरं जहाज घेऊ. इंग्लंडचं 'व्हिक्टरी' हे लढाऊ जहाज १७६५ मध्ये पाण्यात उतरलं, अजूनही जपून ठेवलेलं आहे. त्यावर ३७ शिडं आणि सुमारे ४२ किलोमीटर दोर असे. १०० ला १ या मापाने प्रतिकृती करायची, म्हणजे खऱ्यातला एक मीटर आपल्याकडे एक सेंटिमीटर. त्या हिशोबाने सगळा दोर घालायचा म्हटलं तर ४२० मीटर दोरा झाला. डोलकाठीवर चढायला खलाशांसाठी दोरांच्या शिड्या असतात. त्यांची प्रत्येक पायरी जिथे उभ्या दोराला भेटते तिथे एक गाठ. एका जहाजात अशा शेकडो गाठी. गाठ कुठली? आपण गाय खुंट्याला बांधताना दोरीचे दोन वेढे एकावर एक उलटे घेऊन ओढतो ना, तीच. फक्त ती सुईने आणि चिमट्याने घालायची. एक जरी जास्त ओढली गेली तरी शेजारचा दोर वाकडा होतो आणि सगळी शिडी कंबर मोडल्यासारखी दिसते.

दोऱ्याचे तंतू उभे राहू नयेत म्हणून तो आधी मधमाशीच्या मेणावरून ओढून घेतात. शिडाला जाड कापड चालत नाही, कारण जहाज लहान केलं तरी कापडाची वीण काही लहान होत नाही. तिथे वापरून मऊ झालेलं धोतर किंवा मलमल उत्तम. हे गोधडी शिवणाऱ्या बाईला वेगळं शिकवावं लागेल का?

पण मग नाव कुणाचं लागतं? आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने दीड हात लांबीचं गलबत केलं. त्याने लाकूड कोरलं, तिने तीन महिने रात्री बसून शिडं आणि दोर केले. तालुक्याच्या एका प्रदर्शनात चिठ्ठी लागली, 'कारागीर' म्हणून त्याच्या एकट्याच्या नावाची. ती काही बोलली नाही. तिच्या नणंदेने पेन मागून घेतलं आणि खाली दुसरं नाव लिहिलं. मला तर नणंदेचं फार कौतुक वाटलं.

पैशांचंही तसंच. गटातल्या काही जणी लगेच विचारतील, विकायला करू या का? माझं स्पष्ट मत आहे, पहिली दोन वर्षं नको. ४०० तास म्हणजे रोजचे आठ तास धरून ५० दिवस. दिवसाला ३०० रुपये धरले तरी नुसती मजुरी १५,००० होते, लाकूड वेगळं. गावच्या जत्रेत एवढे कोण देणार? मग आपणच आपले तास सोडून देतो आणि 'रिकाम्या वेळात केलं' म्हणतो. हौस म्हणून करा, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचे तास लिहीत जा. उद्या गिऱ्हाईक आलंच, तर बोलायला आकडा हाताशी राहील.

सुरुवात मोठ्या जहाजाने करू नका. क्यूरपिपच्या दुकानांत युरोपातली नावाजलेली जहाजं जास्त, कारण घेणारे तिकडचे. आपल्याला गिऱ्हाईक नाही, तर आपण पाहिलेली नाव करावी. धरणात मासे धरणाऱ्यांची होडी असेल, पुरात माणसं काढायला घातलेली काहील असेल, माहेर कोकणात असेल तर तिथली एका बाजूला उलांडी असलेली होडी. आधी खऱ्या होडीची लांबी, रुंदी, उंची दोरीने मोजून वहीत लिहा. लांबी १६ फूट भरली आणि १६ ला १ असं माप धरलं, तर तुमची होडी एक फुटाची. लाकूड पांगाऱ्याचं मिळालं तर बरं, ते हलकं आणि मऊ असतं, साध्या चाकूने कोरता येतं. ओलं मात्र घेऊ नका, वाळताना तडकतं.

पोरं ती पाण्यात सोडायला मागणारच. नुसती कोरलेली होडी, त्यात डोलकाठी आणि शीड असेल तर वाऱ्याच्या पहिल्या झुळकीला कलंडते, कारण वजन वर आणि तळ हलका. तळाला मधोमध लांब खिळा किंवा शिशाची पट्टी बसवा. मग ती कलली तरी परत सरळ होते. जोडांना आणि तळाला दोन हात व्हार्निश द्या, पहिला हात पुरता वाळल्यावर दुसरा.

कुणी केली तर होडी गटाच्या बैठकीला घेऊन या. सोबत तास लिहिलेलं कॅलेंडरही आणा.