होऊ घातलेली नात
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने आपल्या अनुभवाचे दोन शब्द सांगावेत, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले आणि विषयही सुचवला, "तुमच्या नव्या नातीविषयी सांगा." तेव्हा आरंभीच एक खुलासा करते. आमच्या घरी नवी नात आलेली नाही. ती येईल की नाही, हेही अजून ठरलेले नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी एकीपाशी बोलले आणि तिळगुळाबरोबर ती बातमी गल्लीभर वाटली गेली. कोणी माझे अभिनंदन केले, कोणी कीव केली. एका भगिनीने मात्र स्पष्ट विचारले, "दत्तकच घ्यायचं तर चांगलं धडधाकट मूल का घेत नाहीत? आणि इथलं मूल सातासमुद्रापार न्यायचं ते कशाला?" मला तिचा राग आला नाही. पहिल्या दिवशी मीही हेच विचारले होते. गेले आठ महिने मी त्याचे उत्तर शोधते आहे. जेवढे सापडले तेवढे आज सांगते.

माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत न्यू जर्सीला असतात. जावई तिकडचे नागरिक आहेत. त्यांना सात वर्षांचा मुलगा आहे. दुसरे मूल दत्तक घ्यावे आणि ते भारतातले असावे, असे त्यांच्या मनात होते. २०२४ च्या श्रावणात एका रविवारी तिचा फोन आला. म्हणाली, "आई, ज्या मुलांना औषधोपचारांची गरज आहे, अशांपैकी एखादं घ्यावं असं आम्ही म्हणतोय." मी म्हटले, "अगं, तुम्हाला काय कमी आहे म्हणून असलं मूल?" ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "कमी नाही, म्हणूनच विचार करता येतोय."

त्या रात्री मला झोप आली नाही. त्याचे कारण मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, ते आज सांगते.

१९९८ साली माझ्या धाकट्या जाऊबाई मूल दत्तक घेण्यासाठी एका संस्थेत गेल्या होत्या. सोबतीला मी होते. चार महिन्यांची एक मुलगी दाखवली. डोळे टपोरे, अंगाने बाळसेदार. पण वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. जाऊबाईंनी तिला उचलून घेतले होते. मी त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "ग्रहणाचं मूल आहे, राहू द्या. उद्या हिच्या लग्नाचं काय?" जाऊबाईंनी तिला खाली ठेवले. पुढे त्यांना एक मुलगा मिळाला. तो गुणी निघाला, त्यांचा संसार सुखाचा झाला. त्या मुलीचे काय झाले ते मला ठाऊक नाही. मी कधी विचारलेही नाही. बी.ए. झालेली मी, पण त्या दिवशी बोलले ते माझ्या आजीच्या तोंडचे बोलले.

भगिनींनो, या मंडळात पुष्कळ लेकीसुना आहेत, म्हणून हे नीट सांगते. गरोदर बाईने ग्रहणात विळी हाती घेतली म्हणून मुलाचा ओठ चिरत नाही. गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो आणि टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. दोन बाजूंनी वाढत आलेले भाग मध्ये मिळायचे असतात. ते पुरते मिळाले नाहीत तर फट राहते. कित्येकींना तोवर आपण गरोदर आहोत हेही कळलेले नसते. आईचा त्यात काही अपराध नसतो. जगभरात साधारण सातशे बाळांमागे एकाला असे होते, आणि ज्या देशांत ग्रहण कोणी पाळत नाही तिथेही होते.

यावर उपचार आहेत, मात्र ते एका दिवसाचे नाहीत. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात करतात. टाळूची नऊ महिने ते दीड वर्ष या काळात. त्यानंतर वाचा सुधारण्याचे शिक्षण. कानात पाणी साचून ऐकू कमी येते, म्हणून कानांची वरचेवर तपासणी. दात वेडेवाकडे येतात, त्यांची दुरुस्ती. हिरडीत हाड बसवायचे असेल तर ते आठव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास. नाकाचा आकार सुधारायचा तर वाढ पूर्ण झाल्यावर. म्हणजे आज जे आईबाप "हो" म्हणतील, ते पंधरा-सोळा वर्षांच्या फेऱ्यांना "हो" म्हणतात.

आमच्यापुढे या फाल्गुनात आलेली मुलगी अडीच वर्षांची आहे. तिचे नाव मी सांगणार नाही. तेवढा अधिकार मला अजून मिळालेला नाही. तिच्यासोबत दोन कागद आले. एकात तिची हकिगत आणि दुसऱ्यात वैद्यकीय तपासणी. ओठाची शस्त्रक्रिया झालेली आहे. टाळूची राहून गेली, कारण वजन भरेना आणि अंगात रक्त कमी. मी ते कागद घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोनदा वाचून म्हटले, "आजी, कागदावर आहे त्याला मी भीत नाही. कागदावर नाही ते आधी विचारून घ्या." टाळू दुभंगलेल्या काही मुलांच्या हृदयातही दोष असतो, तेव्हा हृदयाची तपासणी झाली आहे का? ऐकू किती येते? वजनाचे आकडे दर महिन्याचे आहेत का? मुलीने ते सगळे प्रश्न लिहून पाठवले. हृदय ठीक असल्याचे उत्तर आले. डाव्या कानाने कमी ऐकू येते असेही आले. काही प्रश्नांना उत्तर नाही, कारण तिच्या आईविषयी आणि जन्मावेळच्या परिस्थितीविषयी कोणालाच माहिती नाही. ती जागा कोरी राहणार, हे धरूनच चालायचे.

आता दुसरा प्रश्न, इथले मूल परदेशी का? आपल्याकडे पूर्वी दत्तक म्हणजे वंशाला दिवा, म्हणून मुलगाच. १९५६ च्या कायद्याने हिंदू कुटुंबाला मुलगीही दत्तक घेण्याची मोकळीक दिली. परदेशी जाणाऱ्या मुलांची फसगत होऊ नये म्हणून १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात नियम घालून दिले. १९९३ साली हेग येथे देशोदेशींचा करार झाला आणि २००३ मध्ये भारताने तो मान्य केला. त्याचे सार असे की, मुलाला आधी त्याच्या स्वतःच्या देशात घर शोधायचे. ते न मिळाले तरच बाहेर. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही हेच तत्त्व आहे. केंद्र सरकारचे 'कारा' नावाचे प्राधिकरण या सगळ्यावर देखरेख ठेवते. परदेशातल्या घराची पाहणी होते, आईबापांची मिळकत, प्रकृती, पोलिसांकडची नोंद सारे तपासतात. दत्तकाचा हुकूम २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात, आणि मूल तिकडे गेल्यावरही दोन वर्षे त्याच्या खुशालीचे अहवाल पाठवावे लागतात.

तेव्हा या मुलीला आधी देशातच घर शोधले गेले. किती घरांना तिची माहिती कळली, मला ठाऊक नाही. पण त्या प्रत्येक घरात माझ्यासारखी एखादी वडीलधारी बाई असेल आणि ती कानाशी लागून म्हणाली असेल, "राहू द्या." आपल्याकडची रांग असते ती तान्ह्या, निरोगी मुलांसाठी. खर्चाचे म्हणाल तर २०१३ पासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ, टाळू, वाकडी पावले आणि जन्मजात हृदयदोष यांचा समावेश आहे. अशा मुलांचे उपचार त्यातून मोफत होतात. म्हणजे अडते ते नेहमी पैशाशी नव्हे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे यशवंताला आपला मुलगा केले. त्यांच्या तसबिरीला आपण दर ३ जानेवारीला हार घालतो. हार घालणे सोपे आहे.

मुलगी रजा काढून आली आणि आम्ही दोघी त्या संस्थेत गेलो. मी मनाची तयारी करून गेले होते की आपण रडायचे नाही. रडण्यासारखे काही घडलेच नाही. एक काळीसावळी, काटकुळी पोर बादलीत डबा बुडवून खेळत होती. ओठावर एक बारीक रेघ. आमच्याकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. थोड्या वेळाने ती सांभाळणाऱ्या मावशींकडे जाऊन म्हणाली, "माणी." मी विचारले, "काय म्हणाली?" मावशी म्हणाल्या, "पाणी मागतेय." टाळूला फट असली की तोंडातली हवा नाकावाटे निघून जाते, म्हणून 'प' आणि 'ब' यांचा 'म' होतो. 'पाणी'चे 'माणी', 'बाळ'चे 'माळ'. त्या मावशींना अशा तिच्या तीसेक शब्दांचे अर्थ पाठ आहेत. तिला कोणी हाक मारली तर ती उजवा कान पुढे करते.

परत येताना गाडीत माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ही पोर उद्या न्यू जर्सीला गेली, तर तिथे "माणी" म्हटल्यावर पाणी कोण देणार? तीस शब्द तिने मोठ्या कष्टाने मिळवले आहेत, ते विमानातून उतरताच फुकट जातील. तिकडे बोलणे शिकवणारे तज्ज्ञ आहेत, रुग्णालये उत्तम आहेत, हे खरे. पण तिची भाषा कळणारे माणूस पहिले काही महिने घरात हवे. माझा नातूसुद्धा मराठी समजतो, पण बोलतो इंग्रजीच.

मुलीने आणि जावयांनी स्वतःला काय काय विचारले, तेही सांगते, कारण ते ऐकूनच माझे मन पालटले. आम्हाला या मुलीची दया येते म्हणून तिला घेतोय का? तसे असेल तर घेऊ नये. दया सहा महिन्यांत आटते. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर विम्याचे काय? आणखी एखादा दोष पुढे निघाला तर? शाळेत मुले हसली तर आपण काय करणार? आहे त्या मुलाच्या वाटणीचा वेळ किती जाईल? ती मोठी झाल्यावर म्हणाली, "मला माझ्या देशातून का आणलंत?" तर काय सांगणार? जावई म्हणाले, "आई, आज नाही म्हणण्यात पाप नाही. घरी आणून मग मनातून नाही म्हणण्यात आहे." हे वाक्य मी लिहून ठेवले आहे. आमच्या नातवाचा प्रश्न एकच होता, "ती माझी खेळणी घेणार का?" त्याला खरे तेच सांगितले, "हो, घेणार."

त्यांचे उत्तर या महिन्याअखेर द्यायचे आहे. ते काय असेल, मला सांगितलेले नाही आणि मी विचारणारही नाही. १९९८ साली मी एकदा मध्ये बोलले, तेवढे पुरे. पण माझ्यापुरते मी त्यांना कळवले आहे. त्यांचे "हो" असेल तर पहिले सहा महिने मी तिकडे येऊन राहीन. आमच्या ह्यांना जेवणाचा डबा लावावा लागेल, त्यांनी ते कुरकुर न करता कबूल केले. उत्तर "नाही" असेल, तर त्याबद्दल मी मुलीला कधी टोचून बोलणार नाही. मग मात्र दर महिन्याला त्या संस्थेत जाऊन त्या मुलीशी तासभर बोलत बसेन. संस्थेने परवानगी दिली तर.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपण दर दिवाळीला अशा संस्थांना फराळ आणि कपडे देतो. ते द्यावेच. पण आपल्या ओळखीत कोणी जोडपे दत्तकासाठी नाव घालणार असेल आणि त्यांना एखादे उपचारांची गरज असलेले मूल दाखवले गेले, तर आपण त्यांच्या कानाशी लागू नये. कागद घेऊन त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जावे, काय काय करावे लागेल ते विचारून घ्यावे आणि निर्णय त्यांचा त्यांना करू द्यावा. एवढे झाले तर आणखी एखादी "माणी" म्हणणारी पोर इथेच, जिथे तिचे बोलणे कळते तिथे, राहू शकेल.