पाळी जाण्याच्या वेळी
(मंडळाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही, म्हणून लोणच्याची कृती सांगावी असे ठरवले होते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "लोणचे सगळ्यांना येते, तुम्ही सोसलेले सांगा." तर सांगते.

मला सेहेचाळिसावे लागले होते. पाळी दोन-दोन महिने यायची नाही, आणि आली की बारा-बारा दिवस थांबायची नाही. तासातासाला पॅड बदलावा लागे, रक्ताच्या गाठी पडत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जायच्या वेळी असेच जाते." मीही तेच धरून बसले. गडद साड्याच नेसू लागले. नणंदेच्या मुलीच्या लग्नात सारा वेळ भिंतीला पाठ लावून उभी होते, मागे डाग पडला असेल ही धास्ती. जिना चढताना धाप लागे, त्याचा दोष मी नागपूरच्या उन्हाला देत होते. शेवटी एके दिवशी कूलरमध्ये पाणी भरता भरता चक्कर येऊन पडले. रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन 6.8! ते 12 तरी हवे.

सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. पहिल्या दवाखान्यात सांगितले, "पिशवी काढून टाका, आता तिचे काम काय? ठेवलीत तर कॅन्सर होईल." तारीखही दिली. यजमान पैशाची जुळवाजुळव करू लागले. मी तर मुलीला कपाटाच्या किल्ल्या कुठे ठेवते तेही दाखवून ठेवले.

भावजयीने हट्टाने दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेले. त्यांनी आधी पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. तो चांगला निघाला. मग समजावून सांगितले की ही फायब्रॉईडची गाठ म्हणजे स्नायूची गाठ, कॅन्सर नव्हे. पाळी गेल्यावर बहुधा आक्रसते. लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या. (मी आधी चहाबरोबरच घेत होते!) पुढे तांबीसारखी दिसणारी, आतून थोडे थोडे औषध सोडणारी वस्तू बसवली. पहिले काही महिने थेंब थेंब गेले, मग कमी झाले. माझी गाठ लहान होती म्हणून ती चालली. प्रत्येकीला चालेलच असे नाही. मोठ्या गाठीला ऑपरेशनही लागते.

2019 साली बीडच्या ऊसतोडणी करणाऱ्या बायांची बातमी तुम्ही वाचली असेल. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या कित्येक तरुण होत्या. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने विनाकारण पिशवी काढण्याला आळा घालणारे नियम तीन महिन्यांत लागू करा, असे सर्व राज्यांना बजावले. तेव्हा तारीख घेण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला विचारावे. पैशाची अडचण असेल तर आपल्याकडे मेडिकल, मेयो आहे, बायकांसाठी डागा आहे.

पण याची दुसरी बाजू माझ्या मोठ्या जाऊबाईंची. त्यांची पाळी जाऊन तीन वर्षे झाली होती. एक दिवस दोन थेंबांचा डाग दिसला. दुखणे नाही, खुपणे नाही. माझे ऐकले होते म्हणून तरी मला बोलल्या, एरवी गिळून बसल्या असत्या. डॉक्टरबाईंनी त्याच आठवड्यात तुकडा तपासला. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब दिसला तरी दाखवायचेच, असे त्या म्हणाल्या. तपासात कॅन्सरची सुरुवात निघाली. त्यांची पिशवी काढली, आणि ते योग्यच होते. म्हणजे बघा, माझे घागरभर गेले तरी गाठ साधी होती, आणि दोन थेंबांचे दुखणे मोठे होते. घरात बसून कोणती कोणाची, हे आम्हा दोघींनाही कळले नसते.

जाऊबाई आता बऱ्या आहेत, वेळोवेळी तपासायला जातात. परवा बर्डीवरून त्यांनी माझ्यासाठी साडी आणली, नेहमीसारखी गडद तपकिरी. मी ती बदलून मोतिया रंगाची आणायला लावली. आज नेसून आले आहे, तीच ही.