खांद्याचे दुर्मीळ विकार : निदान, शस्त्रक्रिया आणि श्रमिक

कोलकात्यातील गार्डन रीच हा हुगळीकाठचा भाग अंगमेहनतीच्या कामासाठी ओळखला जातो. १८८४ मध्ये सुरू झालेला आणि १९६० मध्ये केंद्र सरकारने ताब्यात घेतलेला जहाजबांधणी कारखाना येथे आहे. दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय व मध्यवर्ती रुग्णालयही येथेच आहे. २००३ मध्ये रेल्वेच्या परिक्षेत्रांची पुनर्रचना होईपर्यंत नागपूर विभाग याच मुख्यालयाच्या अधिपत्याखाली होता. अशा वस्तीत खांद्याचे आरोग्य हा उपजीविकेचा प्रश्न ठरतो.

खांदा हा शरीरातील सर्वाधिक हालचाल करणारा उखळीचा सांधा आहे. त्याची उखळ उथळ असल्याने तो निखळण्याची शक्यताही अधिक असते. बहुतेक वेळा दंडाच्या हाडाचे डोके पुढे सरकते. मागे सरकण्याचे प्रमाण शेकडा ५ हूनही कमी आहे. विजेचा धक्का किंवा अपस्माराचा झटका ही त्याची ठळक कारणे होत. अशा वेळी सर्व स्नायू एकदम आकुंचन पावतात, हात आत वळवणारे बलवान स्नायू वरचढ ठरतात आणि डोके मागे ढकलले जाते.

खरी अडचण निदानाची आहे. समोरून घेतलेल्या क्ष-किरण चित्रात सांधा जवळजवळ जागेवर दिसतो. हात बाहेर वळत नाही, म्हणून 'आखडलेला खांदा' असे समजून व्यायाम सुरू होतात व महिने निघून जातात. काखेच्या दिशेने घेतलेले चित्र किंवा सीटी स्कॅन हा घोटाळा दूर करते. दुखापत ताजी असल्यास भूल देऊन सांधा बसवता येतो. विलंब झाल्यास हाडाच्या डोक्यावर पडलेली खाच वाढते. ती मध्यम असल्यास जवळच्या स्नायूची कंडरा तीत बसवण्याची पद्धत अमेरिकी शल्यविशारद मॅकलॉफ्लिन यांनी १९५२ मध्ये मांडली. खाच फार मोठी असल्यास कृत्रिम सांध्याचा विचार करावा लागतो.

खांद्याचा क्षयरोगही असाच फसवा आहे. त्याच्या कोरड्या प्रकारात पू होत नाही. केवळ वेदना, ताठरपणा आणि स्नायूंची झीज दिसते. १८९३ मध्ये पॅरिस येथे पेआँ यांनी खांद्याच्या क्षयरोगाच्या एका रुग्णाला प्लॅटिनम व रबराचा कृत्रिम सांधा बसवला होता. संसर्गामुळे तो सुमारे दोन वर्षांनी काढावा लागला. आज मुख्य उपचार औषधांचा असून राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ती मोफत मिळतात. तपासणीसाठी ऊतीचा नमुना घेणे व सांधा स्वच्छ करणे यांपुरतीच शस्त्रक्रिया सहसा लागते.

१९२३ च्या भरपाई कायद्याने खांद्यातून हात तोडावा लागल्यास कमाईक्षमतेची हानी ९० टक्के मानली. हात शाबूत पण अंशतः निकामी असल्यास मात्र हानीचे प्रमाण वैद्यकीय तपासणीवर ठरते. चुकलेले निदान म्हणजे लांबलेला उपचार आणि दुबळा दावा, असा दुहेरी तोटा होतो.

म्हणूनच कारखान्याच्या दवाखान्यातील पहिली तपासणी, योग्य क्ष-किरण चित्र, तज्ज्ञ शल्यविशारद आणि शस्त्रक्रियेनंतरचे भौतिकोपचार ही साखळी अखंड हवी. विकार दुर्मीळ असला, तरी त्याची शंका घेण्याची सवय दुर्मीळ असू नये.