चौघांचा एक प्रबंध आणि ग्रंथपाल

बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला जांबोटीची वाट जेथे फुटते, तेथे पिरनवाडी वसली आहे. शेजारीच मच्छे येथे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य केंद्र आहे. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. त्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अखेरच्या वर्षाचा प्रकल्प विद्यार्थी सहसा एकट्याने करीत नाहीत. दोघे, तिघे किंवा चौघे मिळून तो पुरा करतात आणि चौघांच्या नावांचा एकच प्रबंध सादर होतो. कला व विज्ञान शाखांतही ही चाल आता रुळू लागली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची तरतूद असून, पहिल्या सहा सत्रांत पंचाहत्तर टक्के गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधन करण्याची मुभा आहे. कर्नाटकाने चार वर्षांची ही पद्धत २०२१-२२ मध्ये स्वीकारली आणि २०२४-२५ पासून ती सोडून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. महाराष्ट्राने मात्र ती चालू ठेवली. त्यामुळे निपाणीच्या एखाद्या घरात कोल्हापुरास शिकणारा भाऊ चौथ्या वर्षाच्या संशोधनाची तयारी करीत असावा आणि बेळगावास शिकणारी बहीण तिसऱ्या वर्षीच पदवी घेऊन मोकळी व्हावी, असे दृश्य आज संभवते.

वर्षे तीन असोत की चार, विषय हाती आल्यावर विद्यार्थ्यांचा घोळका प्रथम ग्रंथालयाच्या दारी येतो. खरी कसोटी तेथे लागते. ग्रंथपाल म्हणजे खिडकीत बसून पुस्तके देणारा व उशीर झाल्यास दंड घेणारा गृहस्थ, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि काही ग्रंथपालांनी तिला खतपाणीही घातले आहे. वस्तुतः चौघांच्या संशोधनात मार्गदर्शक प्राध्यापकाखालोखाल गरज कोणाची असेल, तर ती ग्रंथपालाची. प्राध्यापकाला विषय ठाऊक असतो. त्या विषयाचे कागद कोठे निजले आहेत, हे ग्रंथपालाला ठाऊक असते.

पिरनवाडीचेच उदाहरण घ्यावे. समजा, चौघांनी विषय घेतला की, या गावच्या भाताच्या शेतांचे गेल्या शतकात काय झाले आणि शहर त्यांच्यापर्यंत कसकसे येऊन पोहोचले. विषय गावचाच, म्हणून सोपा वाटतो. पण शोध घेऊ लागताच पहिली अडचण नावापाशीच उभी राहते. मराठीत कोणी पिरनवाडी लिहितो, कोणी पिरणवाडी. इंग्रजी कागदांत त्याचे निरनिराळे वर्णक्रम सापडतात. कानडी लिपीतले नाव तर निराळेच शोधावे लागते. जिल्ह्याच्या नावाचीही तीच गत. जुन्या इंग्रजी सूचींत ते ‘बेलगाम’ आहे आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी लेखनात ‘बेळगावी’ झाले. एकच शब्द टाकून शोधणाऱ्या मुलांना चार ओळी मिळतात व ‘या विषयावर काहीच लिहिले गेलेले नाही’ असे वाक्य प्रस्तावनेत येऊन बसते. हे वाक्य बहुधा खोटे असते. नावांची सर्व रूपे प्रथम एका कागदावर मांडून घेणारा ग्रंथपाल चौघांचा महिनाभराचा वेळ वाचवितो. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे सांगितली, त्यांतील चौथे वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. त्याचा अर्थ येथे प्रत्ययास येतो.

दुसरी अडचण इतिहासाने निर्माण केली आहे. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यानंतर तो म्हैसूर राज्यात गेला, आणि त्या राज्याचे कर्नाटक हे नाव १९७३ मध्ये पडले. त्यामुळे १९५१ च्या जनगणनेतील या गावाचे आकडे मुंबई राज्याच्या खंडांत पाहावयाचे आणि १९६१ चे म्हैसूरच्या. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड १८८४ चा. पुढचे गॅझेटियर कर्नाटक शासनाचे. उच्च शिक्षणाचेही धनी असेच बदलले. बेळगावचे लिंगराज महाविद्यालय १९३३ साली निघाले तेव्हा ते मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते. मग जिल्हा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे गेला. २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आले. तेव्हा जुने प्रबंध मुंबईस, मधले धारवाडास, अलीकडचे घराजवळ. शिवाय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय १९६२ नंतरच्या मराठी अभ्यासासाठी पाहिलेच पाहिजे. ‘शोधगंगा’ या प्रबंधकोशामुळे पुष्कळ प्रबंध आता घरबसल्या वाचावयास मिळतात. परंतु मराठी प्रबंधाचे शीर्षक कधी देवनागरीत तर कधी रोमन लिपीत नोंदलेले असते, हे सांगावयास कोणीतरी जाणता हवा.

एकाच सरकारचे कागद पाहिले, तर गावाची कहाणी एकाच बाजूने लिहिली जाते. सीमाभागात याचे मोल जरा अधिक आहे. येथे एकेका आकड्यावरून माणसे हमरीतुमरीवर येतात, आणि अर्धा कागद पूर्ण सत्य म्हणून फिरत राहतो. वीस वर्षांच्या मुलांनी असे काही लिहून ठेवले, तर पुढची मुले तेच उतरवून घेतात.

येथे चौघांचा संघ हा अडथळा न ठरता लाभ ठरू शकतो. मराठी शाळेतून आलेली मुलगी बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात बसून मराठी वृत्तपत्रांच्या फाइली चाळेल. हे वाचनालय १८४८ चे. ‘तरुण भारत’ १९१९ चा. कानडी शाळेतला मुलगा ‘पहाणी’चे उतारे वाचील. तिसऱ्याने नकाशे व जनगणनेची कोष्टके घ्यावीत, चौथ्याने गावातील वृद्धांच्या मुलाखती. मात्र ही वाटणी जिभेच्या टोकावर राहिली, तर काम एकावर पडते आणि उरलेले तिघे बांधणीच्या दिवशी उगवतात. ग्रंथपालाने पहिल्याच बैठकीत एक शोधवही घालून द्यावी. कोणत्या तारखेस, कोणत्या सूचीत, कोणता शब्द शोधला, काय मिळाले आणि काय मिळाले नाही, एवढेच तीत टिपावयाचे. ‘मिळाले नाही’ हा रकाना सर्वांत मोलाचा. एकाने धुंडाळलेले कपाट दुसरा पुन्हा उपसत नाही. संदर्भ सर्वांनी एकाच ठिकाणी साठवावेत, यासाठी ‘झोटेरो’सारखी साधने फुकट मिळतात. त्यात मराठी लेखकाचे आडनाव आधी की नाव आधी, हे पहिल्या दिवशीच ठरवून घेतलेले बरे. नाहीतर एकच ग्रंथकार यादीत तीन ठिकाणी अवतरतो.

उतरवून घेण्याची खोडही अशा वहीमुळे आटोक्यात येते. प्रबंध पुरा झाल्यावर यंत्राने साम्य मोजून मुलांना चोर ठरविण्याची रीत सर्वत्र पडली आहे. पण कोणता मजकूर कोठून घेतला हे जागच्या जागी लिहिण्याची सवय लावणे हे शेवटी शिक्षा करण्यापेक्षा अधिक उपयोगाचे, आणि ते काम ग्रंथपालच आरंभी करू शकतो.

अडचण एवढीच की, त्याच्यासाठी वेळापत्रकात जागा नसते. प्रकल्पाच्या तासिका प्राध्यापकाच्या नावावर लागतात. ग्रंथपालाकडे मुले जातात ती मधल्या सुटीत, तेही सादरीकरणाला आठवडा उरला असता. तोपर्यंत दूरच्या ग्रंथालयातून पुस्तक मागविण्याची वेळ टळलेली असते आणि अभिलेखागारात जाण्यासाठी लागणारे परिचयपत्रही कोणी घेतलेले नसते. विषय ठरण्यापूर्वीच दोन तास ग्रंथपालाच्या नावे लावावेत, आणि प्रबंधाला जोडून शोधवहीही परीक्षकापुढे ठेवावी. त्याला नवी इमारत लागत नाही, की मोठे अनुदान. पिरनवाडीहून बेळगावास रोज बसने जाणाऱ्या विद्यार्थ्याला मग जूनमध्येच कळेल की, त्याच्या गावचा १९५१ चा आकडा मुंबईच्या खंडात पाहावयाचा आहे.