पाणी जाळण्याचें स्वप्न

पाण्यानें आग विझते, हें लहान मुलालाहि ठाऊक असतें. म्हणूनच ‘पाण्यापासून इंधन’ हे शब्द कानीं पडतांच मनुष्य थबकतो. हायड्रोजन वायूच्या आकर्षणाचें मूळ या नवलांत आहे. पाण्याचें पृथक्करण केलें कीं तो मिळतो आणि जळला कीं त्याचें पुन्हां पाणीच होतें. धूर नाहीं, राख नाहीं! पुराणांतल्या अक्षय पात्राची आठवण व्हावी, असाच हा प्रकार आहे.

हें स्वप्न आजचें नव्हे. कोळसा संपल्यावर पाणीच उद्यांचा कोळसा होईल, असें भाकीत ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकारानें १८७४-७५ सालीं एका इंजिनियराच्या तोंडीं घातलें. पुढें भारताचे नागरिक झालेले शास्त्रज्ञ हाल्डेन यांनीं १९२३ सालीं केंब्रिज येथील व्याख्यानांत पवनचक्क्यांच्या विजेनें हायड्रोजन काढून तो सांठविण्याचें चित्र रेखाटलें. कादंबरी आणि व्याख्यान यांनंतर पाळी आली राजसभेची. २८ जानेवारी २००३ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनीं संशोधनासाठीं १२० कोटि डॉलर मागितले. आज जन्मलेलें मूल आपली पहिली मोटार हायड्रोजनवर चालवूं शकेल, अशी आशा त्यांनीं दाखविली.

तें मूल २०१९ सालीं सोळा वर्षांचें झालें. त्या वेळीं सबंध अमेरिकेंत अशा मोटारी कांहीं हजारच होत्या, आणि त्याहि बहुतेक कॅलिफोर्नियांत.

वचन कां फळलें नाहीं? हायड्रोजन जळतो, हें खोटें नव्हतें. घोटाळा झाला तो एका शब्दाचा. त्याला ऊर्जेचा उगम म्हटलें गेलें. वस्तुतः तो ऊर्जेचा वाहक आहे. हंडा पाणी घरीं आणतो, पाणी निर्माण करीत नाहीं. एक किलोग्रॅम हायड्रोजन पाण्यांतून काढण्यास सुमारें ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्याचीच पुन्हां वीज केली, तर हातीं १५ ते २० युनिटच येतात. शिवाय जगांतील बहुतेक हायड्रोजन आज नैसर्गिक वायू व कोळसा यांपासूनच काढला जातो, आणि त्यांतील कार्बन हवेंत जातो.

तरीहि हा वायू टाकाऊ नव्हे. शेतकऱ्याच्या युरियाच्या गोणीमागें अमोनिया असतो आणि अमोनियामागें हायड्रोजन. तेलशुद्धीचे कारखानेहि त्यावांचून चालत नाहींत. तेथें तो स्वच्छ रीतीनें पुरविणें हेंच खरें कार्य आहे. भारत सरकारनें जानेवारी २०२३ मध्यें १९,७४४ कोटि रुपयांची योजना मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लक्ष टन ‘हरित’ हायड्रोजन निर्माण करण्याची क्षमता उभारावी, असा तिचा संकल्प आहे. हा पैसा जनतेचा आहे. म्हणून ‘हरित’ या विशेषणावर संतुष्ट न होतां सुजाण नागरिकानें एकच प्रश्न विचारीत राहावें: हा हंडा भरला कोणत्या विहिरीवर?