कात्री, टाका आणि चलच्चित्र

(संतशिरोमणी नामदेवमहाराजांच्या पुण्यतिथी सोहळ्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी काही ठिकाणी संक्षेप केला आहे.)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, वसतिगृह, विवाहातील खर्च अशा अनेक विषयांवर विद्वानांची भाषणे आपण ऐकली आहेत. चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा ‘मोबाइलवर चलच्चित्र कसे घ्यावे व कसे जोडावे’ असे मी सांगितले आणि ते क्षणभर गप्पच राहिले. उभे आयुष्य प्राथमिक शाळेत मुळाक्षरे गिरवून घेण्यात गेलेला मजसारखा जुना मॅट्रिक मनुष्य या विषयावर काय बोलणार, ही त्यांची शंका रास्त होती. परंतु या विषयामागे माझ्या हातून घडलेली एक चूक आहे, आणि ती आधी सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही.

माझे चुलते, ज्यांना आम्ही सर्व तात्या म्हणत असू, खणाची चोळी बेतण्यात आमच्या पंचक्रोशीत नावाजलेले होते. कागदाचा नमुना नाही, टेप नाही. वीत आणि बोटे हेच माप, नखाने उमटविलेली घडी हीच खूण. खण लहान असला तरी दोन्ही बाह्यांना काठ पुरवून ते चोळी पुरी करीत, आणि टेबलावर उरलेले कातरण मुठीत मावे. 2019 साली, ब्याऐंशीव्या वर्षी, माझ्या आग्रहास्तव ते पुन्हा एकदा दुकानात बसले आणि मी माझ्या मोबाइलवर त्यांचे काम टिपले. सलग एकेचाळीस मिनिटे टिपले. आपण फार मोठे काम केले अशा समाधानात मी घरी गेलो.

पुढे तीन महिन्यांनी तात्या गेले. तेराव्याच्या दिवशी सगळ्या घराने ते चित्र पाहावयाचे ठरविले. मी मोबाइल दारासमोर धरला होता, त्यामुळे तात्यांच्या पाठीमागून रस्त्याचे ऊन येत होते आणि त्यांची नुसती काळी आकृती दिसत होती. डोक्यावरच्या पंख्याची घरघर एवढी की शब्द लागत नव्हता. कंटाळा आला की मी मोबाइल इकडेतिकडे फिरवीत होतो. आणि ज्या क्षणी त्यांनी खणाची ती घडी घातली, जिच्यासाठी सारा खटाटोप, त्या क्षणी त्यांचे हात यंत्राच्या आड होते. एकेचाळीस मिनिटांत घडी कोठेच नाही. तात्यांच्या मुलांनी तयार कपड्यांचे दुकान घातले. त्यांना ती येत नाही, मला येत नाही, आणि आता विचारावयास कोणी उरले नाही.

त्या दिवसापासून मी हा विषय मुळापासून शिकावयास बसलो. मोबाइलची बटणे नातीने दाखविली. बाकीचे वाचनालयातील पुस्तकांतून, यथामति. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट वाचली आणि मी चकित झालो. फ्रान्समधील लियाँ येथे लुमिएर बंधूंचा छायाचित्रांच्या काचा तयार करण्याचा कारखाना होता. चित्रे हलती कशी करावी या विवंचनेत असलेल्या लुई लुमिएरला एका रात्री झोप येईना, आणि त्या जागरणात त्याला युक्ती सुचली ती शिलाई यंत्रावरून! यंत्रात सुई कापडात असते तोवर कापड स्थिर असते. सुई वर गेली की खालचे दाते त्याला एक टाका पुढे सरकवितात. लुमिएरच्या कॅमेऱ्यातही तेच घडते. फिल्म क्षणभर थांबते, तिच्यावर उजेड पडतो, झडप मिटते, आणि आकडे कडेच्या भोकांत शिरून तिला एक चौकट पुढे ओढतात. सेकंदाला सुमारे सोळा वेळा. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांनी या यंत्राचे पेटंट घेतले. आपल्या घरोघरी ज्या यंत्राची पूजा खंडेनवमीला होते, त्याचा हा भाऊबंद आहे हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होते?

28 डिसेंबर 1895 रोजी पॅरिसच्या ग्रँड कॅफेच्या तळघरात पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकांनी लुमिएरची दहा चित्रे पाहिली. पुढच्याच वर्षी, 7 जुलै 1896 रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचे खेळ झाले. प्रत्येक चित्र मिनिटाच्या आतबाहेरचे आणि एकाच जागेवरून सलग घेतलेले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ती चादर होती. कापड जसे ठाणातून आले तसे अंथरले; कापणे नाही, शिवणे नाही. कापून जोडण्याची विद्या लोकांना हळूहळू साधली. 1903 सालच्या एका अमेरिकन चित्रात अग्निशामक एका स्त्रीला व तिच्या मुलाला जळत्या घरातून वाचवितो. तो प्रसंग प्रथम खोलीच्या आतून संपूर्ण दाखविला आहे आणि नंतर तोच पुन्हा रस्त्यावरून संपूर्ण दाखविला आहे. आतले थोडे, बाहेरचे थोडे, पुन्हा आतले, असे जोडावे हे तेव्हा सुचले नव्हते. मीही 2019 साली चादरच विणली होती, आणि तीही मळकी. थोरांची चूक मजकडून एकशेसोळा वर्षांनी झाली एवढेच.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. एखादे काम टिपावयाचे असेल तर त्याचे निरनिराळे तुकडे घ्यावे लागतात. एक लांबून, ज्यात माणूस, त्याची बैठक, खिडकी, यंत्र असे सारे यावे. यास लाँग शॉट म्हणतात. तो पाहणाऱ्याला ‘आपण कोठे आहोत’ हे सांगतो आणि तेवढेच सांगतो. दुसरा कमरेपासून वर, ज्यात माणूस व त्याचे काम दोन्ही दिसतात. तिसरा जवळून, ज्यास क्लोज-अप म्हणतात. आपल्यासारख्या कारागिरांच्या समाजात सारा जीव या तिसऱ्यात आहे, कारण आमची विद्या चेहऱ्यात नसते, बोटांत असते. लग्नाच्या चित्रफिती घेणारे लोक जवळून घेतात ते दागिने आणि नवरीचे डोळे; त्यांचे पाहून आपणही चेहऱ्याकडेच धावतो. प्रत्येक तुकडा घेताना मोबाइल आडवा धरावा, हात टेबलाला टेकवावा किंवा तिकाटण्यावर मोबाइल बसवावा, आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत हलवू नये. बघण्यासाठी फिरावयाचे ते तुकडा संपल्यावर, आपल्या पायांनी.

जागाही एकाच बाजूची धरावी. कारागीर आणि त्याचे यंत्र यांच्यामध्ये एक रेषा कल्पावी आणि तिच्या अलीकडेच राहून सर्व तुकडे घ्यावेत. रेषा ओलांडून पलीकडे गेलात तर आधी उजवीकडे तोंड असलेला माणूस पुढच्या तुकड्यात एकाएकी डावीकडे बघू लागतो. सुलट्या बाजूला उलटी बाजू जोडली गेली की सदऱ्याचे जे होते तेच हे. उजेडाविषयी काय सांगू? खिडकी घेणाऱ्याच्या पाठीशी किंवा बाजूला असावी. आणि पंखा बंद करावा. माझ्या वाट्याला आलेल्या सर्व दुःखात त्या पंख्याचे दुःख मला अजून अधिक बोचते, कारण एक बटण दाबण्यापुरतेच काम होते.

आणखी एक गोष्ट, जी आपणांस कोणी शिकवावी लागत नाही. कापड बेतताना शिवणीसाठी आपण माया सोडतो. तशीच चित्राच्या तुकड्यालाही दोन्हीकडे माया हवी. हात हलू लागण्यापूर्वी चारपाच सेकंद चित्रण सुरू करावे, आणि काम संपल्यावरही तितकेच थांबावे. माया नसलेला तुकडा जोडताना शिवण ओढली जाते. नातीला हे समजावून सांगताना मी ‘माया’ हा शब्द वापरला तेव्हा तिला प्रथमच कळले की आपल्या धंद्यात या शब्दाला असा अर्थ आहे.

मग जोडणे. चित्रपटवाले यास संकलन म्हणतात. पूर्वी हे काम खरोखर कात्रीने व चिकटद्रव्याने चाले, आणि हॉलिवुडात आरंभीच्या काळी संकलकाला ‘कटर’ म्हणजे कापणाराच म्हणत. त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या. आज मोबाइलवर कापले तरी मूळ तुकडा जागच्या जागी राहतो. ही सोय मोठी खरी, तथापि तिचे एक नुकसान मला दिसते. आपल्याकडे एकदा कात्री चालली की कापड परत येत नाही, म्हणून आपण आधी पाहतो, मोजतो, मग कापतो. मोबाइलवर कापड परत येते, म्हणून कोणी मोजीत नाही, आणि कातरण टाकण्याचे धैर्यही कोणाला होत नाही. तासभराचे मुंज-चित्र पाहुण्यांना सक्तीने दाखविणारे यजमान येथे बसले असतील. त्यांनी राग मानू नये. जोड कोठे द्यावा याचे एकच सूत्र मला उपयोगी पडले: हालचाल चालू असतानाच द्यावा. कात्री उचलणारा हात लांबून दिसला आणि ती चालविणारा हात जवळून, तर डोळ्याला जोड लागत नाही. चुणीत शिवण लपते तसा तो लपतो.

संकलनाची शक्ती किती, याचा एक प्रयोग पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात रशियात लेव्ह कुलेशोव्ह याने केला. एका नटाचा निर्विकार चेहरा त्याने घेतला. तोच तुकडा एकदा रश्श्याच्या वाडग्याला, एकदा शवपेटीला, एकदा एका स्त्रीच्या चित्राला जोडला. पाहणाऱ्यांना तोच चेहरा कधी भुकेला वाटला, कधी शोकाकुल, कधी अनुरक्त. चेहरा तोच होता. शेजार बदलला होता. हे मी आज मुद्दाम सांगत आहे, कारण पुढे याच गोष्टीत मी सापडलो.

शिकताना लहान काम घ्यावे. दादासाहेब फाळके 1912 साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले ते एकदम ‘राजा हरिश्चंद्र’ करावयास बसले नाहीत. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडथोडी चित्रे घेत ‘अंकुराची वाढ’ तयार केली. पाहणाऱ्यासमोर महिन्याभराची वाढ क्षणांत उभी राहिली. सरस्वतीबाई फाळके यांनी फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे, ती धुण्याचे काम घरची कामे सांभाळून केले. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला त्यामागे तो वाटाणा आहे. आमच्या भगिनींनी ‘हे पुरुषांचे काम’ असे समजू नये.

गोष्ट कशास म्हणावी, यावर पुस्तकांत पुष्कळ पाने खर्ची पडली आहेत. माझ्या अल्पमतीप्रमाणे, काहीतरी पुरेल की नाही, होईल की नाही, अशी धाकधूक आरंभी लागली पाहिजे. खण अपुरा आहे, दोन्ही बाह्यांना काठ पुरेल का? ही तात्यांची गोष्ट होती. मी ती पाहिलीच नाही. मी फक्त तात्यांना पाहत बसलो.

2022 साली माझ्या चुलतनातवाच्या मुलीचे बारसे ठरले. काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, मला म्हणाल्या, “चोळी मला जमायची नाही, पण कुंची येते. उद्या सांजच्यापर्यंत करून देते.” मी पंखा बंद केला, खिडकी बाजूला घेतली, लांबून एक, कमरेपासून दोनचार आणि बाकी सारे हातांचे तुकडे घेतले. खण कमी होता. काठ कपाळावर घ्यावा की पाठीवरच्या झोळाला, यावर काकू बराच वेळ थांबल्या. ते थांबणे मी कापले नाही. मानेमागच्या चुण्या त्यांनी दातांत दोरा धरून घातल्या, त्याही जवळून मिळाल्या. दीड तासाच्या तुकड्यांतून सहा मिनिटे चाळीस सेकंदांचे चित्र झाले. शेवटी कुंची त्या बाळाच्या डोक्यावर आहे आणि बाळ ती ओढून काढते आहे.

त्यात मी एक गोष्ट केली. तात्यांच्या एकेचाळीस मिनिटांत मध्येच वीज गेली होती. चित्र अंधारले, पण पंखा थांबला, आणि अकरा सेकंद तात्यांचा आवाज स्वच्छ आला: “आधी काठ पुढं घ्यायचा. मागं उरला तर उरला.” तेवढा आवाज मी काकूंच्या हातांखाली जोडला, अगदी त्या थांबल्या होत्या त्या ठिकाणी. चित्र पाहणारे सर्वजण गहिवरले. दोघे शेजारी बसून काम करीत आहेत असेच प्रत्येकाला वाटले. मलाही आपल्या कसबाचा अभिमान वाटला.

काकूंनी ते दोनदा पाहिले. मग म्हणाल्या, “आवाज त्यांचाच. पण हे चोळीचं बोललेत. कुंचीचं कधी बोलले? आणि मी थांबले होते ते मला सुचत नव्हतं म्हणून. विचारायला ते होते कुठं?”

मला उत्तर सुचले नाही. आवाज काढून टाकावा असे मी म्हणालो, तर त्याला त्या तयार होईनात. “राहू दे, पण लिही,” म्हणाल्या. तेव्हा चित्राच्या आरंभी आता अक्षरे येतात की आवाज तात्यांचा, 2019 सालचा, खणाच्या चोळीविषयीचा. काम काकूंचे, 2022 सालचे. त्या अक्षरांना पाच सेकंद लागतात.

या सभागृहात पंचाहत्तरी ओलांडलेले निदान आठनऊ कारागीर मला समोर दिसत आहेत. बाराबंदी बेतणारे आहेत, गोधडीला हाताने धावदोरा घालणाऱ्या आजी आहेत. उद्या सकाळी दहा वाजता मागच्या खोलीत त्यांनी आपापली कात्री व सुईदोरा घेऊन यावे आणि विद्यार्थ्यांनी भरपूर जागा असलेले मोबाइल आणावेत. तिकाटणे एकच आहे, ते मी आणीन; बाकीच्यांनी हात टेबलाला टेकवावेत. त्या खोलीत पंखे दोन आहेत, आणि त्यांची बटणे कोठे आहेत ते मी आजच पाहून ठेवले आहे.